आधी जमीन, मग पाय, मग बूट: खान्देशातल्या डोंगरवाटांसाठी पुरुषांचे ट्रेल रनिंग शूज कसे निवडायचे आणि कसे टिकवायचे

बोटांची नखं काळी पडली, अंगठ्याजवळ बुटाचं कापड फाटलं, पावसात बूट चिखलाने दुप्पट जड झाले. धुळे, जळगाव, नंदुरबारकडच्या धावणाऱ्यांच्या तक्रारी फिरून फिरून याच असतात. दोष बुटाला दिला जातो, पण गडबड बऱ्याचदा खरेदीच्या क्रमात झालेली असते. आधी मॉडेल आवडतं, मग सवलत दिसते, मग नेहमीचा नंबर मागवला जातो आणि आपण कुठे धावणार हा प्रश्न सगळ्यात शेवटी येतो. तो पहिला यायला हवा.

पोलीस भरतीची तयारी करणारी मुलं तर १६०० मीटरचं मैदान, डांबरी रस्ता आणि रविवारचा डोंगर हे सगळं एकाच जोडावर करतात. त्यांनी खालचे टप्पे जास्तच काळजीने वाचावेत, कारण पैसे एकदाच खर्च करायचे असतील तर चूक परवडत नाही. टप्पे दिलेल्या क्रमानेच करा.

## टप्पा १: तुमची जमीन लिहून काढा

गेल्या दोन महिन्यांत तुम्ही जिथे धावलात त्या वाटा आठवा आणि प्रत्येक वाटेवर डांबर किती, मुरूम किती, दगड किती, माती किती याचा ढोबळ अंदाज कागदावर मांडा. हे काम दहा मिनिटांचं आहे, आणि नेमकं हेच कोणी करत नाही.

मुरूम आणि सुटे खडे. लळिंगच्या किल्ल्याची चढण असो की सातपुड्याच्या पायथ्याच्या टेकड्या, इथे बूट घसरतो तो गोल खड्यांवरून. अशा ठिकाणी तळाचे दात, म्हणजे लग्स, साधारण ४ मिलिमीटरचे आणि जवळजवळ बसवलेले असले की पकड चांगली मिळते. आपला दगड बेसॉल्ट, धारदार आणि खरखरीत. तो मऊ रबर लवकर खातो.

काळी माती. ही पाणी लागलं की फुगते आणि चिकटते. पहिला जोरदार पाऊस झाला की शेतरस्त्यावर शंभर पावलांत तळाखाली मातीचं दुसरं तळवं तयार होतं. खोल, म्हणजे ५ ते ६ मिलिमीटरचे आणि एकमेकांपासून दूर असलेले लग्स माती थोडी लवकर सोडतात. पण हे स्पष्ट सांगायला हवं की ओल्या काळ्या मातीपुढे कुठलाही बूट पुरता टिकत नाही. पाऊस उघडून एक-दोन उन्हं पडेपर्यंत मुरमाची किंवा खडकाळ वाट धरणं हाच खरा उपाय. उन्हाळ्यात याच मातीला भेगा पडतात, ढेकळं दगडासारखी होतात आणि घोटा मुरगळतो. तिथे फार उंच, फार मऊ तळाचा बूट डळमळतो.

डांबर. शहरात राहणाऱ्यांना टेकडीपर्यंत पोहोचायलाच तीन-चार किलोमीटर डांबर लागतं. ६ मिलिमीटरच्या लग्सचा बूट डांबरावर रोज घासलात तर त्याचे दात आधी तिथेच संपतील. तुमच्या कागदावर डांबर निम्म्याहून जास्त निघालं, तर ३ ते ४ मिलिमीटर लग्सचा, रस्ता आणि वाट दोन्हींसाठीचा बूट घ्या.

काटे. बाभूळ, वेडी बाभूळ, बोर. बाभळीचा काटा दोन-तीन इंचांचा असतो आणि लग्सच्या मधल्या पातळ जागेतून मिडसोलमध्ये, म्हणजे तळाच्या रबरावरच्या फोमच्या थरात, सरळ घुसतो. त्यात कपाशी निघाल्यावर शेतात उरलेले पऱ्हाटीचे खुंट असतातच, आणि त्यांच्या तिरक्या टोकाने बुटाचं कापड फाटतं. ज्यांची वाट बांधावरून, पांदणीतून किंवा वेड्या बाभळीच्या पट्ट्यातून जाते, त्यांनी रॉक प्लेट, म्हणजे तळात बसवलेली पातळ कडक पट्टी, असलेला बूट बघावा. ती प्रत्येक काटा अडवत नाही, कारण काही बुटांत ती फक्त पुढच्या भागात असते. तरी फरक मोठा पडतो.

> तपासा: कागदावर सर्वात जास्त टक्के ज्या जमिनीला पडले, बूट तिच्यासाठी घ्यायचा. वर्षातून एकदा तोरणमाळला किंवा पालला जाणार म्हणून खोल लग्सचा बूट घेऊ नका. आणि पाटणादेवीचा परिसर किंवा यावल अभयारण्यात धावायचं असेल, तर वनखात्याच्या चौकीवर आधी विचारा.

## टप्पा २: पाय संध्याकाळी मोजा

पाय दिवसभरात फुगतात, उन्हात आणि धावताना आणखी फुगतात. जळगाव-भुसावळकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो, त्यामुळे सकाळी सात वाजता मोजलेला पाय आणि दहा किलोमीटरनंतरचा पाय यांत चांगला फरक पडतो. म्हणून मोजणी संध्याकाळी, शक्यतो धावून आल्यावर, आणि धावताना घालता तेच मोजे घालून करा.

1. भिंतीला टेकवून फरशीवर कागद ठेवा. टाच भिंतीला लागलेली हवी.
2. दोन्ही पायांवर सारखं वजन देऊन उभे राहा. बसून मोजलेला पाय कमी भरतो.
3. दुसऱ्या कुणाला तरी पेन्सिल उभी धरून सर्वात लांब बोटापुढे खूण करायला सांगा. लांब बोट अंगठाच असेल असं नाही, अनेकांचं दुसरं बोट पुढे असतं.
4. चवड्याची सर्वात रुंद जागाही दोन्ही बाजूंनी खुणा करून घ्या.
5. दोन्ही पाय मोजा. मोठा निघेल तो तुमचा पाय.

आता आकडा सेंटीमीटरमध्ये लिहा आणि नेहमीचा नंबर बाजूला ठेवा. आपल्याकडचा नंबर ब्रिटिश पद्धतीचा. तोच ८ नंबर काही कंपन्यांत अमेरिकी साडेआठ धरतात, तर काहींत ९. ऑनलाइन मागवताना हा घोळ हमखास होतो. डब्यावर आणि जिभेच्या लेबलवर सेंटीमीटरचा आकडा असतो, त्यावर जास्त भरवसा ठेवता येतो. डोंगरवाटेसाठी तो आकडा पायाच्या लांबीपेक्षा अर्धा ते एक सेंटीमीटर जास्त असावा.

रुंदीकडेही बघा. पुरुषांच्या बुटात नेहमीची रुंदी डी या अक्षराने दाखवतात, रुंद बूट म्हणजे टू-ई आणि त्याहून रुंद म्हणजे फोर-ई. लहानपणापासून अनवाणी किंवा चपलेवर वाढलेल्यांचा चवडा बऱ्याचदा रुंद असतो. अशांनी लांबीचा एक नंबर वाढवून रुंदी मिळवायचा प्रयत्न केला, की टाच मागे सुटते, उतारावर पाय पुढे सरकतो आणि नखं पुन्हा काळी. रुंदी हवी असेल तर रुंद बूटच मागा. सॉलोमनचे बरेच बूट पारंपरिकपणे चिंचोळे असतात, तर आल्ट्राचे बोटांकडे मोकळे. पण आल्ट्राच्या बहुतेक बुटांत टाच आणि चवडा एका पातळीत असतात, त्याबद्दल पुढे बोलू.

> सावधान: "नवा जोडा चावसच" असं आपल्याकडे मोठी माणसं म्हणत आली. चामड्याच्या जोड्याला ते लागू होतं, कारण चामडं पायाचा आकार घेतं. ट्रेल शूजचं कृत्रिम कापड जवळपास ताणत नाही. दुकानात जिथे रुततं, तिथे शंभर किलोमीटरनंतरही रुतणार.

## टप्पा ३: हातात बूट आल्यावर आठ मिनिटांची तपासणी

दुकानात असाल तर दुकानदारासमोर करा. बूट घरी आला असेल तर लेबल न काढता, घरातल्या स्वच्छ फरशीवर करा, म्हणजे परत करण्याचा हक्क जात नाही.

आतला सोल बाहेर काढा. सगळ्यात भरवशाची चाचणी हीच. काढलेल्या सोलवर टाच मागच्या कडेला लावून उभे राहा. लांब बोटापुढे अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा दिसली पाहिजे, आणि चवडा दोन्ही बाजूंनी सोलच्या आत राहिला पाहिजे. मांस कडेबाहेर येत असेल तर तो बूट लगेच बाजूला ठेवा. बुटाचं कापड सर्वात आधी फाटतं ते करंगळीच्या बाजूला. चवडा सोलच्या बाहेर येत असला की तिथे प्रत्येक पावलाला आतून दाब पडत राहतो, आणि अशा बुटाचं आयुष्य खरेदीच्या दिवशीच निम्मं झालेलं असतं. आराम आणि टिकाऊपणा या दोन वेगळ्या गोष्टी समजून लोक दोन्हींत तडजोड करतात, पण माप चुकलं की दोन्ही एकदमच जातात.

उतार तपासा. लेस पक्की बांधा आणि जिन्यावरून किंवा दुकानाबाहेरच्या रॅम्पवरून खाली या. प्रत्येक पायरीवर पाय थोडा पुढे दाबा. बोट पुढे टेकलं तर बूट लहान आहे किंवा घोट्यापाशी सैल आहे. लेस आणखी आवळून पुन्हा बघा.

पिळून बघा. पुढचा भाग एका हाताने आणि टाच दुसऱ्या हाताने धरून टॉवेल पिळतो तसा पिळा. थोडा फिरायला हवा. अजिबात फिरला नाही तर ओबडधोबड दगडांवर पाऊल जमिनीला जुळणार नाही, आणि चिंधीसारखा फिरला तर लांबच्या उतारावर तळपाय थकतील. वाकवल्यावर बूट चवड्यापाशी वाकला पाहिजे, मधोमध कमानीत नाही.

शिवण आणि डिंक. मिडसोल आणि कापड जिथे जोडलंय ती रेघ बोटाने पूर्ण फिरून बघा. कुठे नख आत जात असेल तर दुसरा जोड मागा. अंगठ्यापुढचं रबर, म्हणजे टो-बंपर, चवड्याच्या वाकण्याच्या जागेपर्यंत मागे आलेलं असेल तर उत्तम. जीभ दोन्ही बाजूंनी कापडाने जोडलेली हवी, नाहीतर खडे आणि सराटे आत जातात.

तारीख. डब्यावरच्या किमतीच्या लेबलवर निर्मितीचा किंवा आयातीचा महिना आणि वर्ष असतं. मोठ्या सवलतीत मिळणारा बूट तीन-चार वर्षं गोदामात पडलेला असू शकतो. फोम आणि डिंक न वापरताही जुने होतात, आणि पत्र्याच्या गोदामातल्या उन्हाळ्यांनी आणखी लवकर.

दोन गोष्टी इथेच ठरवून टाका. पहिली, पाणी न शिरणाऱ्या पडद्याचे बूट आपल्याकडे घेऊ नयेत. या उष्णतेत पाय आतच शिजतात, आणि गिरणा, पांझरा किंवा एखादा नाला ओलांडताना पाणी घोट्याकडून आत गेलं की त्याला बाहेर यायला वाट नसते. साधं जाळीदार कापड ओलं होतं, पण धावता धावता निथळतं. जाळी मात्र बारीक विणीची असावी. मोठ्या भोकांतून नदीकाठची वाळू आत येते, आणि ती वाळू मोज्यापासून कातडीपर्यंत सगळंच घासते.

दुसरी, मिडसोलचा फोम. साधा ईव्हीए हलका आणि स्वस्त, पण लवकर दबून राहतो. टीपीयूचा फोम थोडा जड, पण दीर्घकाळ तसाच राहतो आणि उष्णतेने कमी बदलतो. पीबा हा हलका, उसळी देणारा, महाग आणि नाजूक. पंच्याहत्तर-ऐंशी किलोंच्या पुढच्या माणसाने टीपीयू किंवा घट्ट ईव्हीए बघावा. दुकानात उभं राहिल्यावर सर्वात मऊ लागणारा बूटच दोन महिन्यांत सर्वात आधी बसतो.

## टप्पा ४: मोजे आणि लेस

कापूस पिकवणाऱ्या आपल्या मुलखात सुती मोजे सोडा असं सांगणं जड जातं, पण धावताना सुती मोजा घाम धरून ठेवतो, कातडी भिजते आणि फोड येतात. पॉलिएस्टर-नायलॉन मिश्रणाचे, बोटांपाशी शिवण सपाट असलेले मोजे घ्या. नखं सरळ कापा, कोपरे खोल काढू नका.

लेस बांधण्याचे दोन प्रकार शिकून घेतले की पुरे. टाच मागे सुटत असेल तर घोट्याजवळच्या सर्वात वरच्या जादा भोकात लेस त्याच बाजूने आत घालून लहान फासा करा, दुसऱ्या बाजूची लेस त्या फाशातून काढा आणि मग आवळा. पावलाच्या वरच्या उंचवट्यावर दाब येत असेल, तर तेवढ्या जागी लेस तिरकी न ओलांडता सरळ वर न्या.

> तपासा: बांधलेली लेस न सोडता बूट पायातून निघत असेल तर ती सैल आहे. बोटांना मुंग्या येत असतील तर ती खालच्या भोकांत फार आवळली आहे.

## टप्पा ५: पहिले ५० किलोमीटर

पहिले दोन-तीन दिवस घरात आणि फिरायला वापरा. मग चार-पाच किलोमीटर सपाट मुरमावर. त्यानंतरच चढ-उतार. स्पर्धेच्या आदल्या दिवशी नवा जोड काढण्याची चूक दरवर्षी कोणी ना कोणी करतोच.

टाच आणि चवड्याच्या उंचीतल्या फरकाला ड्रॉप म्हणतात. आजवर तुम्ही १० मिलिमीटर ड्रॉपच्या रस्त्याच्या बुटात धावत असाल आणि एकदम शून्य ड्रॉपवर गेलात, तर पोटरी आणि टाचेमागच्या शिरेवर ताण येतो. आठवड्यात एखादीच छोटी धाव नव्या बुटात, बाकी जुन्यात, अशा पद्धतीने दीड-दोन महिने घ्या.

याच टप्प्यात एक काम करून ठेवा. प्रत्येक धावेनंतर बुटाचं कापड कुठे दुमडतं ते बघा. चवड्याच्या दोन्ही बाजूंना बारीक सुरकुती दिसेल, आणि पुढे भोक तिथेच पडतं. मोची वापरतात त्या लवचिक रबरी सोल्युशनचा अगदी पातळ थर त्या सुरकुतीवर आणि टो-बंपरच्या कडेवर द्या आणि रात्रभर वाळू द्या. झटपट चिकटणारा थेंबाचा डिंक वापरू नका. तो काचेसारखा कडक होतो, वाकताच तडकतो, आणि त्याच्या कडेने कापड चिरत जातं.

## टप्पा ६: धाव संपल्यावरची पाच मिनिटं

बुटाचं आयुष्य इथे ठरतं, म्हणून हा टप्पा घाईत उरकू नका.

1. तळ उलटा करून काटे बघा. लग्सच्या मधल्या जागेवर अंगठा फिरवा. काट्याचं डोकं दिसलं तर पक्कडीने सरळ ओढा. तुटलेला काटा आत राहिला तर तो पावलागणिक वर सरकतो आणि एखाद्या दिवशी लांबच्या धावेत तळपायात घुसतो. आतला सोल काढून आतूनही हळूच हात फिरवा.
2. कुसळं काढा. पावसाळा संपला की गवत वाळतं, आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये कुरणातून धावलं की मोजे आणि जाळी कुसळांनी भरते. ती धुऊन निघत नाहीत, उलट आणखी आत शिरतात. कोरडी असतानाच चिमट्याने काढा. या दिवसांत घोट्याला पातळ कापडी गेटर, म्हणजे बुटाचं तोंड झाकणारं आवरण, लावलात तर निम्मा त्रास वाचतो.
3. माती कशी काढायची ते मातीवर ठरवा. मुरमाची धूळ कोरड्या ब्रशने झटका. काळी माती मात्र वाळू देऊ नका. वाळताना ती आकसते आणि जाळीचे धागे ओढते. आल्याबरोबर बादलीतल्या साध्या पाण्यात, मऊ ब्रशने काढा.
4. सावलीत वाळवा. लेस आणि आतला सोल काढून आत वर्तमानपत्राचे बोळे भरा, दोन-तीन तासांनी बदला, पंख्याखाली ठेवा.

> सावधान: गच्चीवर, पत्र्यावर किंवा मोटारीच्या डिकीत बूट ठेवू नका. आपल्या एप्रिल-मेच्या उन्हात बंद गाडीच्या आतलं तापमान ६० अंशांपुढे जातं. डिंक सुटतो, फोम आकसतो, बूट अर्धा नंबर लहान झाल्यासारखा वाटतो. वॉशिंग मशीन, गरम पाणी, हेअर ड्रायर यांनीही तेच होतं. अनेकांचे सोल धावून निघत नाहीत, ते वाळवताना निघतात.

शक्य असेल तर दोन जोड आलटून-पालटून वापरा. दबलेला फोम पूर्ववत व्हायला आणि आतला घाम पूर्ण सुकायला एक दिवस मिळतो. पावसाळ्यात तर ही गरजच असते, कारण एका रात्रीत बूट वाळत नाही.

## टप्पा ७: फाटलं तर वेळेत शिवा

तांदळाएवढं भोक दिसलं की लगेच. आतून पातळ नायलॉनचा तुकडा लावा आणि बाहेरून रबरी सोल्युशन. भोक बोटाएवढं झालं तर मोच्याकडे न्या, पण शिवताना टाका मिडसोलमधून नको हे त्याला आधीच सांगा. त्या भोकांतून पुढे फोम फाटत जातो.

सोलची कड सुटली असेल तर दोन्ही पृष्ठभाग स्वच्छ करून सँडपेपरने हलके घासा. दोन्हींवर सोल्युशनचा पातळ थर द्या, दहा-पंधरा मिनिटं थांबा, हाताला नुसतं चिकट लागलं की दाबा आणि दोरीने घट्ट बांधून रात्रभर ठेवा. ओलं असतानाच जोडणं ही नेहमीची चूक, मग आठवड्यात कड पुन्हा सुटते.

## टप्पा ८: कधी बदलायचा

ट्रेल शूज साधारण ५०० ते ८०० किलोमीटर चालतात असं धरतात. बेसॉल्टवर, जड माणसाच्या पायात तो आकडा खाली येतो. आकड्यापेक्षा खुणा बघा:

- चवड्याखालचे लग्स झिजून २ मिलिमीटरच्या आत आले किंवा रबरातून फोम दिसू लागला.
- बूट टेबलावर ठेवून मागून पाहिला तर टाच एका बाजूला कलते.
- मिडसोलच्या कडेला आडव्या सुरकुत्या पडल्या आहेत आणि अंगठ्याने दाबलं तरी फोम परत वर येत नाही.
- नेहमीच्याच वाटेवर खडे तळपायाला टोचू लागले आहेत.
- टाचेच्या आतलं अस्तर फाटून कडक कप उघडा पडला आहे.

यातल्या दोन खुणा एकदम दिसल्या की उतार आणि दगडांची धाव त्या जोडावर थांबवा. सपाट शेतरस्त्यावर, शिवारात फिरायला तो अजून बरेच दिवस चालेल. नवा जोड जुना पूर्ण संपायच्या आधीच आणा, म्हणजे टप्पा ५ मधला बदल हळूहळू करायला जुन्याचे तेवढे किलोमीटर शिल्लक राहतात. आणि नव्यासाठी पाय पुन्हा मोजा. वयाबरोबर आणि वजनाबरोबर पुरुषांचे पाय लांबी-रुंदीला वाढतात, त्यामुळे तीन वर्षांपूर्वीचा कागद आज उपयोगाचा नाही.